डावी पोटरी, दीड तसू जास्त

देवासात एक रस्ता होता आणि त्या रस्त्यानं गावाची दोन राज्यं केली होती. अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. दोन गाद्या, दोन दरबार, दोन दवाखाने आणि दसऱ्याला दोन मिरवणुका. गाव एवढंसं, की इकडे कुणी शिंकलं तर तिकडे ऐकू जावं. पण ऐकू आलं असं कबूल करणं म्हणजे मानहानी. शहाणी माणसं मानापानात शिरली की काय काय करतात, ते बघायला त्या काळचं देवास बघायला हवं होतं.

विठोबा शिंपी तेवढा दोन्हीकडचा. त्याचं दुकान त्या रस्त्यावरच होतं आणि दोन्ही पात्यांचे मानकरी त्याच्याकडे शिवायला टाकत. अंगरखा इकडचा असो की तिकडचा, काखेत उसवायचा तो उसवतोच, असं तो म्हणायचा.

माणूस हडकुळा, बोलणं मोजकं, पण हात असा की त्यानं शिवलेल्या कपड्यात बेढब माणूसही चार घटका देखणा दिसावा. त्याच्याकडे आकड्यांची फीत नव्हती. गिऱ्हाइकागणिक कागदाच्या लांब पट्ट्या होत्या आणि त्यांवर कात्रीनं मारलेल्या बारीक खाचा. इथवर छाती, इथवर दंड, इथवर पोटरी. दुसरे शिंपी अंगाच्या एकाच बाजूचं माप घेत. विठोबा दोन्ही बाजूंचं घ्यायचा. उजवीची पट्टी वेगळी, डावीची वेगळी, दोन्ही एकाच खिळ्याला टांगलेल्या. ही शिस्त त्याचे गुरू कृष्णाजी यांची. त्यांच्या धारच्या दुकानात तो काम शिकला होता.

"देव कुणालाच दोन्ही बाजूंनी सारखं बेतत नाही," कृष्णाजी म्हणायचे. "आपण सारखं दाखवायचं. डोळे उघडे, तोंड बंद." एक खांदा पडका दिसला की आत कापूस भरायचा. एक पाय बारीक असला की तिथं अस्तर जाड घालायचं. पण शब्द काढायचा नाही. गिऱ्हाइकाचं व्यंग बोलून दाखवणारा शिंपी उपाशी मरतो, हा त्या धंद्यातला पहिला धडा. विठोबानं तो इतका चांगला गिरवला, की एक माणूस मेला.

निदान विठोबाची स्वतःची तशी खात्री होती. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तिरल्याचे इनामदार जगदेवराव घोड्यावरून पडून महिनाभर अंथरुणाला खिळले होते. धारच्या त्यांच्या घरी विठोबा चुणीदार सुरवारीचं माप घ्यायला गेला. डावी पोटरी उजवीपेक्षा तीन बोटं जास्त भरली. जगदेवराव हसून म्हणाले, "तिथं जरा सैल ठेव रे, दुखतं." विठोबानं डाव्या पायाची शिवण सोडून ठेवली आणि नियमाप्रमाणे तोंड शिवून घेतलं. चौथ्या दिवशी जगदेवराव पाटावरून जेवून उठले, छातीवर हात ठेवला आणि पडले ते पडलेच. महूच्या छावणीतून उशिरा आलेला एक डॉक्टर ओसरीवर कुणाला तरी सांगत होता, "पायात रक्त गोठलं होतं, त्याची गुठळी सुटून छातीत गेली. कुणी दोन्ही पाय मोजून पाहिले असते, तर आधी कळलं असतं हो." पलीकडे तयार सुरवार घेऊन विठोबा उभा होता. जगदेवरावांचे दोन्ही पाय मोजणारा अख्ख्या धारेत तो एकटाच होता.

त्यानंतर तो धारेत राहू शकला नाही. बायकोला, मालनला, घेऊन देवासला आला.

आता एकोणीसशे आठ सालचा आश्विन. दसऱ्याला सहा दिवस राहिले होते. थोरल्या पातीचे मानकरी बापूसाहेब यांच्याकडून बोलावणं आलं. मिरवणुकीत गादीमागचा तिसरा घोडा त्यांच्या घराचा, तीन पिढ्यांचा मान. बापूसाहेबांच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या घोड्यावर त्यांचा एकुलता मुलगा मल्हारराव बसायचा. हा मल्हारराव पाच आठवडे विषमज्वरानं पडून होता. ताप उतरला होता, वैद्यानं भात दिला होता, आणि बापूसाहेबांनी हुकूम सोडला होता की पोरगं दसऱ्याला घोड्यावर दिसलंच पाहिजे. नाही दिसलं, तर रस्त्यापलीकडचे काय म्हणतील?

विठोबानं चैत्रातल्या पट्ट्या बरोबर नेल्या. मल्हारराव पलंगावर बसून होता, गालफडं बसलेली, डोळे मात्र खट्याळ. "विठोबा, माझ्यातून दोन मल्हारराव निघाले असते, आता एकाचीही मारामार आहे," तो म्हणाला. खरंच होतं. छाती आटली होती, दंड आटले होते, उजवी पोटरी तर चैत्रातल्या खाचेच्या एक तसू आत आली होती. तसू म्हणजे शिंप्याचा इंच, जरा मोठा. मग विठोबानं डाव्या पोटरीला पट्टी लावली. पट्टी खाचेपर्यंत पोचली, खाच ओलांडून पुढं गेली आणि दीड तसूवर थांबली.

त्यानं पुन्हा मोजलं. सगळं शरीर आटलं आणि एक पोटरीच कशी वाढली?

"इथं दुखतं का, धाकले सरकार?"

"पाच-सहा दिवस झाले. पेटके आल्यासारखं. वैद्य म्हणतात वात आहे. न्हावी रोज दोन वेळा तेल लावून रगडतो ना."

विठोबानं दोन नव्या पट्ट्यांवर दोन्ही पोटऱ्यांच्या आजच्या खाचा मारल्या. तो बाहेर ओसरीवर आला. बापूसाहेब हुक्का ओढत होते. आठ वर्षं शिवलेलं तोंड त्यानं उसवलं. "सरकार, धाकल्या सरकारांचा डावा पाय वाढलाय. त्यांना घोड्यावर बसवू नका. डॉक्टरला दाखवा, आजच्या आज."

बापूसाहेबांनी आधी ऐकलंच नाही, मग ऐकलं ते न ऐकल्यासारखं केलं. "आमचे डॉक्टर दौऱ्यावर गेलेत. दसऱ्यानंतर येतील."

"पलीकडचे आहेत ना, सरकार. भास्करराव डॉक्टर. नवीन आलेत, पण..."

"रस्त्यापलीकडचा डॉक्टर? या उंबऱ्यात?" बापूसाहेबांचा आवाज असा चढला की न्हाव्याच्या हातातली तेलाची वाटी हिंदकळली. "तू कापड बेत विठोबा, माणसं बेतू नकोस. जमत नसेल तर सांग, शिंपी इंदुरात ढिगानं आहेत."

घरी येऊन विठोबा बसून राहिला. मालन काजं करत होती. ती विठोबाच्या उलट. तोंडाला लगाम नाही आणि मनात गाठ नाही. त्यानं सगळं सांगितलं. तिनं सुई कापडात खोचली.

"धारची गोष्ट आठ वर्षं ऐकतेय मी," ती म्हणाली. "दर वर्षी त्यांची तिथी आली की तुम्ही जेवत नाही. आता दुसरी तिथी पाळायची असेल तर बसा असेच. नाहीतर जा रस्ता ओलांडून. चार पावलं तर आहेत."

विठोबानं रस्ता ओलांडला.

भास्करराव डॉक्टर तिशीतला, गोल चेहऱ्याचा, कोट अंगात कसाबसा मावणारा माणूस. तो जेवायला बसला होता. शिंप्याचं बोलणं त्यानं पहिल्या घासाला ऐकायला सुरुवात केली आणि दुसरा घास घेतलाच नाही.

"ताप किती दिवस होता?"

"पाच आठवडे."

"उजवी पोटरी घटली, डावी वाढली? तुझी खात्री आहे?"

विठोबानं पट्ट्या पुढं ठेवल्या. डॉक्टरनं हात धुऊन त्या उचलल्या, खिडकीच्या उजेडात धरल्या, आणि मोठ्या अधिकाऱ्याच्या कागदांना द्यावा तसा मान त्या चिटोऱ्यांना दिला. मोठेपणा कसा ओळखावा, असं कुणी विचारलं तर मी हे सांगेन. शिकलेला माणूस आपल्यापेक्षा कमी शिकलेल्याचं म्हणणं कसं ऐकतो, ते बघावं.

"विठोबा, हे कळायला मला वैद्यकशाळेत चार वर्षं घालवावी लागली," तो म्हणाला. "पुष्कळांना माणूस गेल्यावर कळतं. तू आधी घेऊन आलास. पण बोलावणं नसताना मी त्यांच्या घरात शिरू कसा? दारातूनच हाकलतील."

विठोबानं घसा साफ केला. "साहेब, कच्ची शिलाई अंगावर घालून बघायची असते. गाठोडं धरायला बरोबर एक माणूस लागतो."

डॉक्टर खो खो हसला. "कधी?"

"परवा ठरलंय."

हसणं थांबलं. "परवा नाही. आज. आणि वाटेत देवाला सांग, तो न्हावी आज उशिरा येऊ दे."

विठोबा आणि मालन यांनी मिळून दोन तासांत अंगरख्याला टाके घातले. असले टाके विठोबानं एरवी कुणाला दाखवले नसते. दुपारी चारच्या सुमारास कोट काढून, डोक्याला मळकं फडकं गुंडाळून, बगलेत गाठोडं मारून धाकट्या पातीचा डॉक्टर थोरल्या पातीच्या मानकऱ्याच्या दारात उभा राहिला. चपला काढताना त्यानं आपल्याहून आधी विठोबाला आत जाऊ दिलं.

न्हावी आलेला होता. तेल कोमट झालं होतं, बाह्या वर झाल्या होत्या, आणि मल्हाररावाचा डावा पाय त्याच्या मांडीवर होता.

"थांब भिया!" विठोबा न्हाव्यावर माळवी ढंगात ओरडला. "अंगरख्याच्या मखमलीवर तेल का एक छींटा बी पडला ना, तर तुझं नेसतं धोतर विकूनही भरपाई होणार नाही. हो बाजूला!"

न्हावी बाजूला झाला. गाठोडेवाला पुढं सरकून पलंगाशी बसला. त्यानं पाय दोन्ही हातांनी अलगद उचलला आणि उशीवर ठेवला, इतका सांभाळून की मल्हाररावाला नवल वाटलं. बोटांच्या पाठीनं त्यानं आधी उजव्या पोटरीची ऊब पाहिली, मग डावीची. कातडी तुकतुकीत ताणली होती. गुडघ्यामागं त्यानं न दाबता बोट टेकवलं, आणि मल्हाररावानं ओठ चावला. विठोबा सगळं बघत होता. आपल्या मापाहून बारीक माप घेणारे हात त्याला आयुष्यात पहिल्यांदा दिसले.

"हा कोण?" दारातून बापूसाहेबांचा आवाज आला. "शिंपी कधीपासून नाडी बघायला लागले?"

डॉक्टर उठून उभा राहिला, डोक्याचं फडकं काढलं. "मी भास्करराव. रस्त्यापलीकडचा डॉक्टर. मला हाकलायचं तर हाकला, पण आधी दोन वाक्यं ऐका. तुमच्या मुलाच्या पायातल्या शिरेत रक्त गोठलंय, विरजण लागावं तसं. ते जागच्या जागी राहिलं तर हळूहळू जिरेल. हा पाय चोळला, किंवा हा मुलगा घोड्यावर बसला, तर गुठळी सुटून छातीत जाईल, आणि मग मी काय किंवा धन्वंतरी काय, कुणाच्या हातात काही उरणार नाही."

बापूसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. दगाबाजी, वेशांतर, घरात घुसणं, सगळे शब्द एकदम तोंडाशी आले आणि एकमेकांत अडकले. "पुरावा काय?" एवढंच बाहेर पडलं.

विठोबानं पलंगावर चार पट्ट्या मांडल्या. चैत्रातली उजवी, आजची उजवी. चैत्रातली डावी, आजची डावी. "सरकार, कागदाला थोरली पाती, धाकटी पाती कळत नाही. तुम्हीच बघा."

बापूसाहेब बघत होते, पण मानापानाचा पीळ सुटत नव्हता. तेव्हा विठोबानं आपल्याजवळ होतं नव्हतं ते शेवटचं पुढं ठेवलं.

"तिरल्याचे जगदेवराव आठवतात ना, सरकारांना?"

"का नाही आठवणार? आमचे सोयरे. घोड्यावरून पडून गेले बिचारे."

"पडण्यानं नाही गेले, सरकार. पडल्यावर महिन्यानं गेले. त्यांचा डावा पाय असाच सुजला होता. मी मोजला होता. मला दिसलं होतं." विठोबानं डाव्या पट्टीच्या खाचेवर बोट ठेवलं. "मी शिवण सैल केली आणि गप्प बसलो. आठ वर्षं रोज मी ते शिवण्याचं पाप धुतोय, धुतलं जात नाही. मला दुकानातून काढा, गावातून काढा. पण पोराला उठवू नका."

मग मल्हाररावच हसायचा प्रयत्न करत वडिलांना म्हणाला, "आबासाहेब, मला निजायला आवडतं. घोड्याचं नंतर बघू."

बापूसाहेब खाली बसले. गुडघे दुखत होते तरी जमिनीवरच बसले. "डॉक्टर, सांगा काय करायचं ते," ते म्हणाले.

औषध असं काही नव्हतंच तेव्हा. पाय उशांवर उंच ठेवायचा, हलवायचा नाही, चोळायचा नाही, सहा आठवडे अंथरुणातून उठायचं नाही. डॉक्टर रोज यायचा, दिवसाढवळ्या, कोट घालून, पुढच्या दारानं. दोन्ही पात्यांत कुजबूज झाली, पण त्यानं डॉक्टरचं किंवा बापूसाहेबांचं काही बिघडलं नाही.

दसऱ्याला तिसरा घोडा रिकाम्या खोगिरानं चालला. मिरवणूक घरावरून जात असताना, ताशे ऐकत पडलेल्या मल्हाररावाच्या बरगडीत अचानक सुरी खुपसल्यासारखी कळ आली. श्वास लागेना. खोकल्याबरोबर रक्त पडलं. डॉक्टर धावत आला, मिरवणुकीच्या मधून, घोड्यांच्या पायांतून. रात्रभर आणि पुढचे दोन दिवस तो उशाशी होता. तिसऱ्या दिवशी श्वास सुधारला.

"हा कणभर तुकडा होता," तो बापूसाहेबांना म्हणाला. "मोठी गुठळी पायातच राहिली, कारण पाय उशीवर होता. घोड्यावर असता तर काय झालं असतं, ते मी सांगत नाही. तुम्ही समजून घ्या." बापूसाहेब समजले. ते ओसरीवर जाऊन एकटेच बराच वेळ रडले, आणि मग आपट्याची पानं घेऊन, काठी टेकत, चालत विठोबाच्या दुकानी गेले. एवढा मोठा मानकरी शिंप्याला सोनं द्यायला स्वतः जातोय, हे बघायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं जमली होती. तेवढ्यापुरता तो रस्ता एकाच गावाचा झाला.

पौषात मल्हारराव काठीशिवाय चालला. नंतर तर गावाला नादच लागला. कुणी तापातून उठलं, कुणी बाळंत झालं, की घरचं कुणीतरी विठोबाला बोलवायचं, कपडे न टाकता. विठोबा दोन्ही पाय मोजायचा, फुकट. बायकांचं माप मालन घ्यायची. फरक दिसला की ती दोघं सरळ दवाखान्याचं नाव घ्यायची, आणि आधी पाती विचारायची नाहीत. पुढच्या दोन वर्षांत तीन माणसं वेळेवर डॉक्टरपर्यंत पोचली. तिघंही जगली. डॉक्टर भास्करराव म्हणायचा, माझ्या दवाखान्यातलं सगळ्यात चांगलं हत्यार रस्त्यावरच्या शिंप्याकडे आहे.

पण विठोबाचं एक काम राहिलं होतं. त्याच वर्षीच्या फाल्गुनात तो टांग्यानं इंदूरला, तिथून गाडीनं महूला आणि महूहून पुन्हा टांग्यानं धारेला गेला. जगदेवरावांच्या पत्नी जानकीबाई आता साठीच्या होत्या. त्यांच्यासमोर तो हात जोडून बसला आणि एका दमात सगळं बोलला. पोटरी मोजली होती, फरक दिसला होता, गप्प बसलो, आईसाहेब, मला शिक्षा सांगा.

जानकीबाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "अरे, तुझ्या एकट्याला का दिसला होता तो पाय? मलाही दिसत होता. घरात सगळ्यांना दिसत होता. कळलं कुणालाच नाही. तू तेव्हा पोरसवदा, तुला काय कळणार?" त्यांनी आपले दोन्ही हात पुढं धरले. "माझ्या हातून तेवढी सेवा झाली बघ. रोज सकाळ-संध्याकाळ मी स्वतःच्या हातानं तेल लावून चोळायची. गेले त्या दिवशीसुद्धा. म्हणाले, बरं वाटतंय गं. तेवढ्यावर मी आठ वर्षं काढली. त्या चोळण्यानं त्यांना आराम पडला असेल ना रे? तुझा डॉक्टर काय म्हणतो?"

विठोबानं त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हाताऱ्या, सुरकुतलेल्या, स्वच्छ हातांकडे पाहिलं.

"हो, आईसाहेब," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, शेवटी त्यांना सुख लागलं ते तुमच्या हाताचं."

बाहेर दाराशी त्यांची सून उभी होती, कमल. दिवस भरत आलेले. जगदेवराव गेल्यावर दोन वर्षांनी ती या घरात आली होती. विठोबा चपला घालता घालता थांबला आणि हळू आवाजात तिला म्हणाला, "ताई, बाळंतपणानंतर पायावर लक्ष ठेवा. दोन्ही पोटऱ्यांना दोरा लावून बघत जा. एक जास्त भरली, दुखली, गरम लागली, तर पडून राहायचं आणि डॉक्टरला बोलवायचं. आणि तो पाय कुणाला, कुणालाही, चोळू द्यायचा नाही."

"चोळल्यानं काय होतं?" तिनं विचारलं.

विठोबानं सांगितलं.

कमलचा चेहरा पांढरा पडला. तिनं वळून आतल्या खोलीकडे पाहिलं. जानकीबाई डोळे पुसून, कितीतरी दिवसांनी, शेजारणीला हाक मारत होत्या.

"सासूबाईंना..." ती म्हणाली.

"नाही," विठोबा म्हणाला. "त्यांना नाही सांगायचं."